झालेला महाभियोग नोंदीतून वगळता येतो का?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग मंजूर केला, पहिल्यांदा १८ डिसेंबर २०१९ रोजी आणि दुसऱ्यांदा १३ जानेवारी २०२१ रोजी. दोन्ही वेळा सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. खरे तर विषय तिथेच संपायला हवा होता. परंतु तेव्हापासून रिपब्लिकन पक्षातील काही प्रतिनिधी अशी मागणी करत आले आहेत की, हे महाभियोग सभागृहाच्या नोंदींतून वगळावेत आणि ते जणू कधी मंजूरच झाले नव्हते असे मानावे. असे करता येते का, आणि केले तर त्याने नेमके काय बदलते, हे समजून घेण्यासाठी आधी अमेरिकेत महाभियोग या शब्दाने काय अभिप्रेत असते ते स्पष्ट व्हायला हवे.

आपल्या राज्यघटनेच्या ६१व्या कलमात राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद आहे, पण ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. त्यामुळे आपल्या बोलण्यात महाभियोग म्हणजे थेट पदावरून हकालपट्टी, असा अर्थ रुळला आहे. अमेरिकेत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिथे महाभियोग म्हणजे फक्त आरोप निश्चित करणे. हे काम एकट्या प्रतिनिधिगृहाचे आणि त्याला साधे बहुमत पुरते. त्यानंतर सिनेट खटला चालवते आणि दोषी ठरवण्यासाठी उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची मते लागतात. म्हणजे ज्याच्यावर महाभियोग झाला आहे असा अध्यक्ष हा आरोप ठेवला गेलेला अध्यक्ष असतो, दोषी ठरलेला नव्हे. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये बिल क्लिंटन आणि त्यानंतर दोनदा ट्रम्प, एवढेच अध्यक्ष या यादीत आहेत आणि त्यांपैकी एकालाही सिनेटने पदावरून काढलेले नाही. रिचर्ड निक्सन यांचे नाव अनेकदा यात घातले जाते, पण त्यांनी प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला होता.

ट्रम्प यांच्यावरील पहिला महाभियोग युक्रेन प्रकरणातला होता. युक्रेनच्या लष्करी मदतीचा आणि आपल्या पदाचा वापर त्यांनी जो बायडेन यांच्याविरुद्ध चौकशी सुरू व्हावी म्हणून केला, असा आरोप होता. अधिकाराच्या गैरवापराचे कलम २३० विरुद्ध १९७ मतांनी आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कामात अडथळा आणल्याचे कलम २२९ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये पहिल्या कलमावर ४८ आणि दुसऱ्यावर ४७ मते दोषी ठरवण्याच्या बाजूने पडली. रिपब्लिकनांपैकी एकट्या मिट रॉम्नी यांनी पहिल्या कलमावर आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले. दुसरा महाभियोग ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरील हल्ल्यानंतरचा. चिथावणी दिल्याचा आरोप २३२ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर झाला आणि त्यात १० रिपब्लिकन प्रतिनिधी सामील होते. सिनेटमध्ये ५७ सदस्यांनी दोषी म्हटले आणि ४३ जणांनी निर्दोष. ६७ मते हवी होती, ती मिळाली नाहीत.

दोषी न ठरलेल्या अध्यक्षावर महाभियोगाचा कोणताही कायदेशीर परिणाम होत नाही, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. त्याचे पद जात नाही आणि पुन्हा निवडणूक लढवण्याचा हक्कही अबाधित राहतो, कारण पदावरून काढणे आणि भविष्यात पद धारण करण्यास बंदी घालणे या दोन्ही शिक्षा सिनेटने दोषी ठरवल्यानंतरच देता येतात. ट्रम्प २०२४ ची निवडणूक लढले, जिंकले आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा अध्यक्ष झाले, तेव्हा या दोन महाभियोगांनी त्यांना कुठेही अडवले नाही. म्हणून नोंद वगळण्याच्या मागणीत काढून टाकण्यासारखे काही कायदेशीर ओझे मुळात नाहीच. जे आहे ते नावापुढे लागलेले बिरुद आहे. पहिल्या महाभियोगानंतर सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ट्रम्प यांच्यावरचा हा शिक्का कायमचा असल्याचे जाहीरपणे सुनावले होते, आणि त्याच सुमारास नोंद पुसून टाकण्याची भाषाही सुरू झाली.

ठरावाच्या रूपाने ही मागणी २०२२ मध्ये पुढे आली. ओक्लाहोमाचे तेव्हाचे प्रतिनिधी मार्कवेन मलिन यांनी दोन्ही महाभियोगांसाठी ठराव मांडले, पण सभागृहात तेव्हा डेमोक्रॅट पक्षाचे बहुमत असल्याने ते पुढे सरकण्याची शक्यताच नव्हती. २०२३ मध्ये बहुमत रिपब्लिकनांकडे आले आणि जूनमध्ये मार्जोरी टेलर ग्रीन यांनी पहिल्या, तर एलिस स्टेफानिक यांनी दुसऱ्या महाभियोगाविषयी नवे ठराव दाखल केले. महाभियोगाची कलमे सभागृहात कधी मंजूरच झाली नव्हती असे समजून ती नोंद काढून टाकावी, असा त्यांचा आशय होता. तत्कालीन सभापती केविन मॅकार्थी यांनी कल्पनेला पाठिंबा असल्याचे सांगितले. हेच मॅकार्थी १३ जानेवारी २०२१ रोजी महाभियोगाच्या विरोधात बोलतानाही हल्ल्याची जबाबदारी ट्रम्प यांच्यावर येते असे सभागृहात म्हणाले होते, हे विसरता येत नाही.

कार्यपद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर असा ठराव संमत करणे कठीण नाही. तो एका सभागृहापुरता साधा ठराव असतो. त्याला सिनेटची मंजुरी लागत नाही, अध्यक्षांची स्वाक्षरी लागत नाही आणि उपस्थितांचे साधे बहुमत पुरते. आधी तो न्यायविषयक समितीकडे जातो, आणि समितीने किंवा नेतृत्वाने तो पुढे आणलाच नाही तर दोन वर्षांची मुदत संपताच तो आपोआप बाद होतो. आतापर्यंत सांगितलेल्या सर्व ठरावांचे तेच झाले. मुद्दा असा की, बहुमत असले तरी सभागृहाला हे करण्याचा अधिकार आहे का?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या विभागात असे म्हटले आहे की, प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाची नोंदवही ठेवावी आणि ती वेळोवेळी प्रसिद्ध करावी. या नोंदवहीला जर्नल म्हणतात. सदस्यांची भाषणे शब्दशः छापणारे ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ हे प्रकाशन वेगळे; त्यातला मजकूर दुरुस्त करण्याची किंवा वगळण्याची सवय सभागृहांना आहे. जर्नलमध्ये मात्र कोणता प्रस्ताव आला, त्यावर काय निर्णय झाला आणि मतदान कसे झाले एवढेच असते, आणि तीच राज्यघटनेला अभिप्रेत असलेली अधिकृत नोंद. त्याच विभागात पुढे असेही आहे की, उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली, तर कोणी बाजूने मत दिले आणि कोणी विरुद्ध, हे नावानिशी जर्नलमध्ये नोंदवलेच पाहिजे. ही तरतूद मतदारांसाठी आहे. आपला प्रतिनिधी कोणत्या बाजूला उभा होता, हे त्याला नंतर नाकारता येऊ नये म्हणून ती घातली गेली. त्यामुळे महाभियोगाची नोंद पुसली तर केवळ अध्यक्षांचे नाव निघत नाही. त्या दिवशी मत देणाऱ्या सव्वाचारशेहून अधिक प्रतिनिधींचा हिशेबही निघून जातो. चर्चेत ही बाजू फारशी येत नाही, पण माझ्या मते आक्षेपाचा खरा जोर इथेच आहे.

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेचे उदाहरण घेतले तर फरक चटकन कळेल. मागच्या वर्षीच्या सभेने केलेला ठराव यंदाची सभा रद्द करू शकते, तो चुकीचा होता असेही लिहू शकते. पण इतिवृत्ताच्या वहीतले पान फाडून ‘अशी सभा झालीच नव्हती’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नसतो. निर्णय फिरवणे आणि निर्णय झाल्याची नोंद नष्ट करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेत या भेदावरून एकदा तीन वर्षे वाद पेटला होता.

तो वाद अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा. ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या बँकेशी त्यांचे उघड वैर होते. १८३२ मध्ये त्यांनी बँकेच्या सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक नाकारले आणि पुढच्या वर्षी सरकारी ठेवी तिथून हलवण्याचे ठरवले. अर्थमंत्री विल्यम ड्युएन यांनी तसा आदेश काढण्यास नकार दिल्यावर जॅक्सन यांनी त्यांना काढून रॉजर टॅनी यांना आणले आणि ठेवी हलवल्या. सिनेटमध्ये तेव्हा हेन्री क्ले यांच्या नेतृत्वाखालील विरोधकांचे पारडे जड होते. २८ मार्च १८३४ रोजी सिनेटने २६ विरुद्ध २० मतांनी जॅक्सन यांच्या निंदेचा ठराव केला: राज्यघटनेने आणि कायद्याने न दिलेले अधिकार अध्यक्षांनी स्वतःकडे घेतले, असा त्याचा आशय होता. हा महाभियोग नव्हता. राज्यघटनेत अध्यक्षांच्या निंदेची तरतूदच नाही. जॅक्सन यांचा आक्षेपही हाच होता की, सिनेटला मला दोष द्यायचा असेल तर तिने महाभियोगाच्या खटल्याची वाट पाहावी. आरोप, सुनावणी आणि बचावाची संधी यांपैकी काहीही न देता ती निवाडा कसा देऊ शकते? युक्तिवाद म्हणून यात तथ्य होते.

मिझुरीचे सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांनी ही नोंद जर्नलमधून काढून टाकण्याचा विडाच उचलला. १८३५ मध्ये त्यांचा प्रस्ताव आला, तेव्हा खुद्द जॅक्सन यांच्या बाजूच्या अनेकांना नोंद पुसण्याची कल्पना पटेना. जुना ठराव फक्त रद्द केल्याचे म्हणावे, असा त्यांचा कल होता. बेंटन मागे हटले नाहीत. त्या काळी सिनेटरांची निवड राज्यांची विधिमंडळे करत असत आणि ती आपल्या सिनेटरांना कसे मत द्यावे याच्या सूचनाही धाडत. जॅक्सन यांच्या पक्षाने राज्याराज्यांतून तशा सूचना आणवल्या. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने नोंद काढण्याच्या बाजूने मत देण्यास सांगितले, तेव्हा सिनेटर जॉन टायलर यांनी फेब्रुवारी १८३६ मध्ये राजीनामा दिला. राज्यघटना नोंदवही ठेवण्यास सांगते, ती राखण्याची शपथ आपण घेतली आहे आणि जे पुसले ते राखले असे म्हणता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. टायलर पुढे १८४१ मध्ये स्वतः अध्यक्ष झाले.

निवडणुकांनी सिनेटचे बलाबल बदलले आणि १६ जानेवारी १८३७ रोजी अखेर मतदान झाले. चर्चा रात्रीपर्यंत लांबणार आणि आपले सदस्य भुकेने कंटाळून निघून जाणार, या भीतीने बेंटन यांनी शेजारच्या दालनात थंड मांसाचे प्रकार, लोणची, मद्य आणि गरम कॉफी यांची जय्यत व्यवस्था ठेवली होती. ठराव २४ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. सिनेटचे सचिव अ‍ॅसबरी डिकिन्स यांनी १८३३-३४ च्या अधिवेशनाचे हस्तलिखित जर्नल आणले, निंदेच्या नोंदीभोवती काळ्या रेघांची चौकट आखली आणि तिच्यावरून आडवे लिहिले की, सिनेटच्या आदेशाने ही नोंद १६ जानेवारी १८३७ रोजी काढून टाकण्यात आली. विरोधक निषेधार्थ बाहेर पडले आणि प्रेक्षक सज्जात एवढा गोंधळ झाला की बेंटन यांनी तिथल्या लोकांना अटक करण्याची मागणी केली. जॅक्सन यांची मुदत संपायला तेव्हा जेमतेम दीड महिना उरला होता.

यातली मेख अशी की, प्रत्यक्षात काहीही पुसले गेले नाही. पान फाडणे किंवा शाई फासणे हे खुद्द ठरावाच्या समर्थकांपैकी काहींना मानवणारे नव्हते, म्हणून चौकट आखून वर शेरा मारण्याची तडजोड काढण्यात आली, आणि मूळ मजकूर चौकटीच्या आत वाचता येईल असाच राहिला. छापील प्रती तर तीन वर्षांपूर्वीच देशभर गेल्या होत्या. जॅक्सन यांचा निंदेचा ठराव आज आठवला जातो तो बऱ्याच अंशी त्या चौकटीमुळेच.

ट्रम्प यांचे समर्थक १८३७ च्या दाखल्याकडे बोट दाखवतात, पण तो त्यांच्या प्रकरणाला पुरता बसत नाही. जॅक्सन यांची निंदा हे सिनेटचे स्वतःपुरते मतप्रदर्शन होते. ते सिनेटमध्ये सुरू झाले आणि सिनेटमध्येच संपले. महाभियोगाचे तसे नाही. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेली कलमे सिनेटकडे जातात, तिथे सदस्य वेगळी शपथ घेतात, खटला चालतो, निकाल लागतो आणि हे सारे सिनेटच्या स्वतंत्र जर्नलमध्ये नोंदवले जाते, ज्याला हात लावण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाला नाही. म्हणजे प्रतिनिधिगृहाने आपल्याकडची नोंद काढली, तरी सिनेटच्या दप्तरी ट्रम्प यांची दोनदा झालेली दोषमुक्ती तशीच राहणार. आणि आरोपच नव्हता तर दोषमुक्ती कशातून, हा विचित्र प्रश्न उभा राहणार. दोषमुक्ती हा ट्रम्प यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तिचा पायाच काढून घेणारा ठराव त्यांचेच समर्थक आणतात, यातली विसंगती त्यांच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही. कायद्याचे प्राध्यापक जोनाथन टर्ली यांना डिसेंबर २०१९ मध्ये रिपब्लिकनांनी महाभियोगाच्या विरोधात साक्षीला बोलावले होते. पण एकदा महाभियोग झाला की तो झालाच, नोंद पुसण्याची सोय राज्यघटनेत नाही, असे त्यांचेही मत आहे.

ब्रिटिश संसदेत मात्र अशा कृतीला आडकाठी नाही, कारण जर्नल ठेवण्याचे लिखित घटनात्मक बंधनच तिथे नाही. हकालपट्टी झालेले खासदार जॉन विल्क्स यांना पुन्हा निवडून येण्यास अपात्र ठरवणारा १७६९ चा ठराव कॉमन्स सभागृहाने १७८२ मध्ये आपल्या जर्नलमधून काढून टाकला होता. दुसरे उदाहरण आपल्या ओळखीच्या माणसाचे आहे. नास्तिक असलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांना १८८० मध्ये निवडून आल्यावरही कॉमन्सने शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारल्या होत्या. हेच ब्रॅडलॉ पुढे भारताची बाजू मांडणारे खासदार म्हणून ओळखले गेले आणि डिसेंबर १८८९ मध्ये राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनाला आले. १८८० चा तो ठराव कॉमन्सने २७ जानेवारी १८९१ रोजी नोंदीतून काढला, तेव्हा ते मृत्युशय्येवर होते. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. आपल्या लोकसभेत अध्यक्षांना एखादा असंसदीय शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार असतो आणि छापील कार्यवृत्तात त्याजागी तारका दिसतात, पण तो उच्चारलेल्या शब्दांचा प्रश्न झाला, सभागृहाच्या निर्णयाचा नव्हे. इंदिरा गांधी यांना १९ डिसेंबर १९७८ रोजी सहाव्या लोकसभेने बडतर्फ केले होते. सातव्या लोकसभेने ७ मे १९८१ रोजी तो निर्णय रद्दबातल केला. त्यासाठी १९७८ चे मतदान झालेच नव्हते असे म्हणण्याची गरज तिला भासली नाही.

अमेरिकेच्याच इतिहासात याहून बोलके उदाहरण अँड्र्यू जॉन्सन यांचे आहे. त्यांच्यावरील महाभियोगाचा मुख्य आधार असलेला, मंत्र्यांना काढण्यापूर्वी सिनेटची संमती सक्तीची करणारा कायदा १८८७ मध्ये काँग्रेसने मागे घेतला आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचा कायदा घटनाबाह्य असल्याचे म्हटले. ज्या कायद्याच्या उल्लंघनाचा ठपका होता तो कायदाच अवैध होता, याहून मोठे समर्थन कोणत्या अध्यक्षाला मिळणार? तरीही जॉन्सन यांचा महाभियोग जर्नलमध्ये आहे तसाच आहे.

२०२३ मधील ठराव मतदानापर्यंत पोहोचले नाहीत, यामागे घटनेपेक्षा गणित होते. मॅकार्थी यांचे बहुमत इतके तोकडे होते की चार-पाच सदस्य फुटले तरी ठराव पडला असता. २०२० मध्ये बायडेन जिंकले होते अशा मतदारसंघांतून निवडून आलेले १८ रिपब्लिकन सभागृहात होते, आणि २०२१ मध्ये महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या दहांपैकी डेव्हिड व्हॅलाडाओ आणि डॅन न्यूहाउस हे दोघे अजून तिथे बसत होते. या मंडळींना ६ जानेवारीच्या घटनेवर पुन्हा एकदा नावानिशी मत द्यायला लावणे नेतृत्वाला परवडणारे नव्हते. मॅकार्थी यांनी ट्रम्प यांना मतदानाचा शब्द दिल्याची बातमी जुलैमध्ये आली, त्यांनी ती नाकारली, आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजी २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांचेच सभापतिपद गेले.

नोंद बदलण्याची ओढ सभागृहापुरती राहिलेली नाही. वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयाच्या अध्यक्षपदावरील प्रदर्शनातून ट्रम्प यांच्या महाभियोगांचा उल्लेख असलेला फलक जुलै २०२५ मध्ये काढला गेल्याचे उघड झाले. टीका झाल्यावर काही दिवसांतच सुधारित मजकुरासह तो उल्लेख परत आला.

उद्या एखाद्या प्रतिनिधिगृहाने असा ठराव संमत केलाच, तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मिळण्याची आशा धूसर आहे, कारण महाभियोगाच्या खटल्यात सिनेटने अवलंबलेली पद्धत तपासण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नकार दिला होता आणि सभागृहांच्या अंतर्गत कामकाजात न्यायालये सहसा पडत नाहीत. मग त्या दिवसाच्या जर्नलमध्ये नवी नोंद होईल: अमुक ठराव आला, त्यात २०१९ आणि २०२१ च्या महाभियोगांचा उल्लेख होता, इतकी मते बाजूने पडली आणि इतकी विरुद्ध. त्यानंतर दोन वर्षांनी निवडून येणाऱ्या सभागृहात दुसऱ्या पक्षाचे बहुमत असेल, तर तेही तितक्याच साध्या बहुमताने ही नवी नोंद काढून टाकण्याचा ठराव मांडू शकेल, आणि त्याला अडवणारा कोणताही नियम नसेल.